पेशींचा श्वास मोजताना

निवांत असलेली टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतली एक पेशी, काटकसरी असते. मिळेल त्या इंधनातली ऊर्जा ती मायटोकॉन्ड्रियांत ऑक्सिजनच्या साहाय्याने पुरेपूर काढून घेते. जंतूची चाहूल लागली की तिचे वागणे पालटते. ऑक्सिजन मुबलक असूनही ती बरेचसे ग्लुकोज अर्धवटच मोडते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. ग्लुकोजच्या एका रेणूमागे मायटोकॉन्ड्रियांच्या वाटेने तीसेक एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) मिळतात, या अर्धवट मोडण्यातून, म्हणजे नुसत्या ग्लायकोलिसिसमधून, दोनच. तरी ही उधळपट्टी परवडते. वेगाने दुभंगायचे तर नव्या पेशींसाठी कच्चा माल हवा, आणि तो याच वाटेवर हाती लागतो.

हा पालट मोजायचा तर दोनच गोष्टी पाहायच्या: ऑक्सिजन किती घटला आणि आम्ल किती वाढले. ऑटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये उंदरांच्या कर्करोगी गाठींचे पातळ काप दाबमापकात ठेवून हेच केले. आज अनेक प्रयोगशाळांत ‘सीहॉर्स’ नावाचे यंत्र हे काम करते. प्लेटच्या प्रत्येक खळग्यात तळाला पेशींचा थर असतो. टी-पेशी तरंगत्या, म्हणून त्यांना आधी तळाशी चिकटवावे लागते. वरून संवेदक खाली येतो, पेशींवर जेमतेम दोन मायक्रोलिटर द्रव कोंडतो, मोजतो आणि पुन्हा वर जातो.

खरी गंमत मोजणी चालू असताना खळग्यात एकामागून एक सोडलेल्या विषांची. पहिले ऑलिगोमायसिन: ते एटीपी बनवणारे विकर बंद पाडते. श्वसन जेवढे घसरले, तेवढे एटीपीसाठी चालू होते. मग एफसीसीपी. त्याने मायटोकॉन्ड्रियांवरचा लगाम सुटतो आणि त्या जिवाच्या आकांताने ऑक्सिजन ओढतात. ही त्यांची कमाल मर्यादा. शेवटी रोटेनोन आणि अँटिमायसिन मिळून मायटोकॉन्ड्रियांतली श्वसनाची सारी साखळी तोडतात. उरलेला खप मायटोकॉन्ड्रियांचा नव्हेच. नेहमीचे श्वसन आणि कमाल मर्यादा यांतले अंतर म्हणजे राखीव क्षमता. उंदरांतल्या स्मृती टी-पेशींत ती लढत्या टी-पेशींपेक्षा जास्त असल्याचे २०१२ साली दिसले. जुना शत्रू परतला की त्या तातडीने उठतात, त्यामागे ही शिल्लक असावी.

ऑक्सिजनच्या आकड्यावर माझा भरवसा आहे, आम्लाच्या आकड्यावर तितका नाही. श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही पाण्यात विरघळून आम्लच होतो. तो वजा न करता साऱ्या आम्लतेला ग्लायकोलिसिस म्हणणे घाईचे. पेशींची मोजदाद विसरली तर दोन्ही आकडे व्यर्थ. एका खळग्यात दुप्पट पेशी पडल्या, तर तिथला श्वासही दुप्पट दिसणारच.

पेशी कोणत्या प्राण्याच्या, हेही विसरून चालत नाही. उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशींना जिवाणूंच्या कवचातला एलपीएस दिला की काही तासांनी त्यांचे श्वसन कोसळते. त्या नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि तोच त्यांच्या मायटोकॉन्ड्रियांना गप्प करतो. माणसाच्या रक्तातून वाढवलेल्या मॅक्रोफेज हा वायू फारसा बनवत नाहीत, त्यामुळे त्यांचे श्वसन तसे कोसळत नाही. पाठ्यपुस्तकांतले सुबक आलेख मात्र बहुधा उंदरांचेच असतात.