चेन्नई-जाफना : सव्वा तासाचे अंतर, तरीही एका दिवसात परतणे का जमत नाही?

चेन्नई : चेन्नईहून जाफनाकडे निघालेले विमान सव्वा ते दीड तासात श्रीलंकेच्या भूमीवर उतरते. सरळ रेषेत मोजल्यास हे अंतर सुमारे ३६० किलोमीटर भरते. त्याच पद्धतीने मोजलेले चेन्नई-मदुराई अंतर ४०० किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजेच तामिळनाडूच्या राजधानीला आपल्याच राज्यातील मदुराईपेक्षा शेजारी देशातील जाफना अधिक जवळ आहे. दोन्हीकडे भाषा तमिळ आणि घड्याळातील वेळही एकच. मग सकाळी निघून रात्री घरी परतता येईल का? नकाशा पाहिला तर उत्तर होकारार्थी वाटते. वेळापत्रक पाहिले की ते बदलते.

जाफनाजवळच्या पलाली येथील धावपट्टीचे आंतरराष्ट्रीय विमानतळात रूपांतर होऊन ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याचे उद्‍घाटन झाले आणि नोव्हेंबरमध्ये चेन्नईहून सेवा सुरू झाली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे ती थांबली व डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२४ पासून इंडिगोनेही या मार्गावर उड्डाणे सुरू केली. मात्र या मार्गावर सत्तरएक आसनांची लहान एटीआर विमाने वापरली जातात. चेन्नईहून आलेले विमान प्रवासी उतरवून साधारणतः तासाभरात चेन्नईकडे परत फिरते. त्याच विमानाने परतायचे म्हटले तर विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याइतकाही वेळ उरत नाही. त्यामुळे नल्लूरचे कंदस्वामी मंदिर, डच काळातील किल्ला किंवा १९८१ च्या जाळपोळीनंतर पुन्हा उभे राहिलेले सार्वजनिक ग्रंथालय पाहायचे असेल, तर किमान एक मुक्काम करावाच लागतो.

समुद्रमार्गाची अडचण वेगळी आहे. नागपट्टिनम ते कांकेसंतुराई हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर प्रवासी बोट चार तासांत कापते. नागपट्टिनमचा परिसर तंजावरच्या भोसले राजांच्या प्रदेशाला लागून आहे. याच किनारपट्टीवर पुढे दक्षिणेला दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ मध्ये बांधलेला मनोरा आजही उभा आहे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी ही बोटसेवा सुरू झाली आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हंगाम आल्याने काही दिवसांतच थांबली. १६ ऑगस्ट २०२४ रोजी ती नव्या बोटीसह पुन्हा सुरू झाली. सकाळी निघालेली बोट दुपारी पलीकडे पोहोचते आणि थोड्याच वेळात परतीला लागते. शिवाय चेन्नईकराला नागपट्टिनम गाठण्यासाठी आधी सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

कोलंबोचा पर्याय

एकाच दिवसात जाऊन यायचे असेल, तर व्यवहार्य पर्याय राहतो तो कोलंबोचा. जाफनापेक्षा ते जवळपास दुप्पट दूर आहे. पण चेन्नईहून तेथे दिवसाला अनेक उड्डाणे आहेत. तरीही वेळेचा हिशेब आधी मांडलेला बरा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचणे, दीड तासाचा प्रवास आणि उतरल्यावर तपासणीचा एक तास, असे एका बाजूचे साडेपाच आणि दोन्ही बाजूंचे अकरा तास होतात. विमानतळ कोलंबोत नसून शहराच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर कटुनायके येथे आहे. जाण्यायेण्याचे दोन तास धरले, तर तेरा तास प्रवासातच जातात. पहाटे निघून मध्यरात्री परतणाऱ्याच्या हाती शहरासाठी सहा-सात तास उरतात. विमानतळापासून जवळ असलेले निगोम्बो हे किनाऱ्यावरील गाव निवडल्यास थोडा अधिक वेळ मिळतो.

एका तिकिटावर कोलंबो

अंतर कमी असूनही प्रवास अवघड, ही स्थिती नेहमीच नव्हती. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल खुला झाल्यावर चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून एकाच तिकिटावर कोलंबोला जाता येत असे. धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तेथून तलाईमन्नारपर्यंत आगबोट आणि पुढे पुन्हा रेल्वे, असा तो मार्ग होता. मात्र तो सर्वांना सारखा खुला नव्हता. सिलोनच्या मळ्यांवर निघालेल्या मजुरांना साथीच्या रोगांच्या भीतीने मंडपम येथील छावणीत अडवून ठेवले जाई.

२२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केले. पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर समुद्राने गिळली आणि शंभराहून अधिक प्रवासी दगावले. तो लोहमार्ग पुन्हा कधी सुरू झाला नाही. त्यानंतर रामेश्वरमहून आगबोट सुटत राहिली. १९८० च्या दशकात श्रीलंकेत गृहयुद्ध पेटल्यावर तीही बंद झाली. २००९ मध्ये युद्ध संपले. २०११ मध्ये तुतिकोरिन-कोलंबो बोट सुरू झाली, पण काही महिन्यांतच थांबली. ‘बोट मेल’ हे नाव मात्र चेन्नई-रामेश्वरम गाडीला आजही चिकटून आहे.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि एस्टोनियाची राजधानी टॅलिन यांच्यामध्येही सुमारे ८० किलोमीटरचा समुद्र आहे. तेथे दिवसाला अनेक फेऱ्या होतात, साधारण दोन तास लागतात आणि दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने नियमित सीमातपासणी नसते. त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे तेथे नित्याचे आहे. पाल्कच्या सामुद्रधुनीत अंतर फारसे वेगळे नाही. कमतरता आहे ती फेऱ्यांची आणि सातत्याची.

निघण्यापूर्वी

नेपाळ किंवा भूतानप्रमाणे श्रीलंकेत केवळ मतदार ओळखपत्रावर प्रवेश मिळत नाही. किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले पारपत्र, परतीचे तिकीट आणि प्रवासपूर्व इलेक्ट्रॉनिक परवानगी यांची तयारी ठेवावी. परवानगीचे नियम आणि शुल्क अलीकडे अनेकदा बदलले असल्याने तिकीट काढण्यापूर्वी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पडताळून पाहावेत. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बोटीवर विसंबून बेत आखू नये.

पर्यटकाला एका रात्रीचा जादा मुक्काम हा खर्चाचा प्रश्न आहे. काहींसाठी मात्र हा समुद्र त्याहून कितीतरी मोठा आहे. गृहयुद्धामुळे आलेल्या श्रीलंकन तमिळ निर्वासितांपैकी ५० हजारांहून अधिक लोक तामिळनाडूतील शंभरावर वसाहतींत राहतात, असे राज्य सरकारच्या २०२१ मधील आकडेवारीवरून दिसते. पूर्वी मजुरांना अडवणारी मंडपमची छावणी नंतर याच निर्वासितांसाठी वापरली गेली. त्यांच्यापैकी अनेकांचा जन्म भारतातला, नातलग जाफनाकडचे, पण हाती भारतीय पारपत्र नाही. त्यांच्यासाठी सव्वा तासाचे ते विमान, वेळापत्रक कितीही सोयीचे झाले तरी, दूरच राहते.