विश्लेषण : २०० किमी सायकल चालवली, तरी ‘बीआरएम’ का नाही?

रविवारी रात्री सायकलिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद ठरलेला असतो. कोणीतरी ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो : २०३ किमी, साडेअकरा तास. खाली अभिनंदनाचे अंगठे. मग एक जण विचारतो, ‘बीआरएम होती का?’ उत्तर येते, ‘नाही, रूट स्वतःच काढला.’ तिथून गोंधळ सुरू होतो. अंतर तेच, वेळही मर्यादेत, मग फरक कशाचा? तर रस्ता कोणी आणि कधी ठरवला, आणि तुम्ही तिथून खरेच गेलात हे कोण तपासणार, याचा.

बीआरएम म्हणजे काय?

‘ब्रेव्हे दे रँडोनिअर मोंदियो’ या फ्रेंच नावाचे हे लघुरूप. पॅरिसमधील ‘ऑडॅक्स क्लब पॅरिझियन’ ही १९०४ मध्ये स्थापन झालेली संस्था जगभरातील बीआरएम प्रमाणित करते. भारतात ‘ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्स’मार्फत पुणे, मुंबई, नाशिकसह अनेक शहरांतले क्लब त्या घेतात. तारीख, मार्ग आणि कंट्रोल पॉइंट आधीच जाहीर होतात. २०० किमीसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. ही शर्यत नव्हे; नंबर काढले जात नाहीत. तारीख वार्षिक वेळापत्रकात असते, म्हणून ब्रिटनमध्ये अशा राइडला ‘कॅलेंडर इव्हेंट’ म्हणतात.

मग ‘पर्मनंट’ कशाला म्हणायचे?

पर्मनंट म्हटले की आपल्याला आधी नोकरी आठवते. इथे कायमस्वरूपी असतो तो मार्ग. आयोजकाने एकदा आखून मंजूर करून घेतलेला रस्ता. तारीख मात्र तुमची. पावसाचा अंदाज पाहून पुढच्या आठवड्यात गेलात तरी चालते. वर्षभर दर महिन्याला किमान एक २०० किमी करण्याचा उपक्रम ब्रिटन आणि अमेरिकेत लोकप्रिय आहे. दर महिन्याला सोयीची कॅलेंडर राइड मिळेलच असे नाही, तेव्हा पर्मनंट कामी येते.

आणि ‘डीआयवाय’?

‘डू इट युअरसेल्फ’, म्हणजे मार्गही तुमचाच. हा शब्द मुख्यतः ‘ऑडॅक्स यूके’चा. मात्र ‘स्वतःचा’ म्हणजे ‘मनाला येईल तसा’ नव्हे. कंट्रोल पॉइंट निघण्याआधी कळवावे लागतात, आणि खरी मेख पुढे आहे. तुम्ही प्रत्यक्षात किती फिरलात हे मोजले जात नाही. दोन कंट्रोलमधला सर्वांत जवळचा रस्ता मोजला जातो.

आपल्याकडचा रस्ता घेऊन पाहू. पुण्याहून महाबळेश्वरला वाईमार्गे सुमारे १२० किमी. समजा तुम्ही भोर, वरंध घाट, महाड, पोलादपूर असे गेलात. अंतर बरेच वाढले, चढही वाढला. पण कंट्रोल म्हणून फक्त पुणे आणि महाबळेश्वरच दिले असेल, तर हिशेबात धरले जाणार वाईमार्गेचे १२० किमीच! कारण महाडला गेल्याचा पुरावा कुठे आहे? मध्ये महाड कंट्रोल ठेवले की वळसा मोजला जातो. त्यासाठी तारीख-वेळ छापलेली पावती लागते. घाटातला चहावाला बिल देत नाही, त्यामुळे महाडमधला पेट्रोल पंप किंवा एटीएम बरे.

जीपीएसने हे सोपे केले. डीआयवायमध्ये ‘मँडेटरी’ पद्धतीत ट्रॅकची फाइल आधीच पाठवायची. मग त्या रेषेचीच लांबी धरली जाते, पण त्याच रेषेवरून जाणे बंधनकारक होते. ‘ॲडव्हायझरी’ पद्धतीत कंट्रोल गाठा, मधला रस्ता तुमचा. हिशेब पुन्हा जवळच्या रस्त्याचा. एक तांत्रिक सावधगिरी : फाइलमधले बिंदू विरळ असतील तर घाटातली वळणे सरळ रेषेत कापली जातात आणि अंतर कमी भरते. बरोबर २०० आखण्यापेक्षा दोन-चार किलोमीटर जास्त आखलेले चांगले.

फ्रेंचांकडे स्वतः मार्ग आखण्याचा जुना प्रकारही आहे, ‘फ्लेश’. तीन ते पाच सायकलींचा संघ, २४ तास आणि किमान ३६० किमी. मार्ग संघ ठरवतो, पण एका जागी दोन तासांपेक्षा जास्त थांबता येत नाही आणि शेवटच्या दोन तासांत निदान २५ किमी कापावेच लागतात. लवकर पोहोचून झोपण्याची सोय त्यांनी ठेवलेली नाही.

नावामुळे खरेच फरक पडतो का?

आनंदासाठी चालवत असाल तर नाही. पण एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करून ‘ऑडॅक्स क्लब पॅरिझियन’चे ‘सुपर रँडोनिअर’ व्हायचे असेल, तर चारही कॅलेंडरवरच्या बीआरएम लागतात. पर्मनंट किंवा डीआयवाय धरत नाहीत. दर चार वर्षांनी होणाऱ्या सुमारे १२०० किमीच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची पात्रताही बीआरएमवरच ठरते. पुढची २०२७ मध्ये आहे. तिथे जायचे मनात असेल, तर स्वतःचा रूट आखण्याआधी जवळच्या क्लबचे बीआरएम वेळापत्रक उघडा. ब्रेव्हे कार्डासाठी नावनोंदणी राइडच्या आधी करावी लागते, नंतर नाही.