खवलचोराची ओळख

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. वाई व कऱ्हाड ही गावे मागे टाकून ती सांगलीस येते. सांगलीनजीक हरिपूर येथे तिला वारणा मिळते आणि पुढे नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. या नद्यांत जाळे टाकणारा भोई मोठी मासळी टोपलीत भरतो आणि बोटाएवढी मासळी किरकोळ म्हणून बाजूस सारतो. बाजारात तिला फारसे मोल नाही. परंतु या किरकोळ मासळीतच जगातील कोणत्याही ग्रंथात नोंद नसलेली एखादी जात असणे अशक्य नाही. पंचगंगेतील एका माशाचे उदाहरण या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूर येथे पंचगंगेत मिळालेल्या एका लहानशा माशाचे वर्णन १९५२ साली प्रसिद्ध केले. हा मासा मिशाळ माशांच्या वर्गातील, म्हणजे अंगावर मुळीच खवले नसलेला. आणि त्याचे खाद्य मात्र इतर माशांचे खवले! खवल्यांत प्रथिने व चुना असतो, त्यामुळे त्यांवर पोषण होऊ शकते. म्हणूनच शास्त्रीय नावात ‘खवलचोर’ हा सरळ मराठी शब्द आला. या माशाची वर्तणूक, शरीररचना व पचनक्रिया ही खवले खाण्यास अनुकूल आहेत, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसून आले.

मराठी नाव शास्त्रात जाण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा ‘खुद्री’, ‘कोळस’ अशी येथील लोकांच्या तोंडची नावेच त्यांनी शास्त्रीय नावांत घेतली. नदीकाठच्या माणसाचे ज्ञान शास्त्रास उपयोगी पडते, याचा हा पुरावाच होय.

नवी जात ठरते कशी? केवळ मासा अनोळखी वाटला म्हणून ती नवी होत नाही. प्रथम पुष्कळ नमुने गोळा करावे लागतात. कारण एकाच जातीत पिलू व प्रौढ, नर व मादी यांत फरक असतो. नंतर परांतील काटे मोजतात. मिशांच्या जोड्या, दातांची मांडणी, डोक्याचे व शरीराचे प्रमाण पाहतात. खवले असणाऱ्या माशांत अंगावरील खवल्यांच्या ओळीही मोजतात. ही सर्व लक्षणे पूर्वी वर्णिलेल्या जातींशी ताडून पाहिल्यावर फरक कायम राहिला, तरच नवे नाव देतात. ते दोन शब्दांचे असते: पहिला वंशाचा, दुसरा जातीचा. प्राण्यांच्या नावांची ही व्यवस्था लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजली जाते. ज्या नमुन्यावर नाव आधारलेले असते, त्यास ‘प्ररूप’ म्हणतात व तो संग्रहालयात जपून ठेवतात.

वर्गीकरण मात्र अचल नसते. कुलकर्णी यांनी खवलचोरासाठी ‘निओट्रोपियस’ हा नवा वंश कल्पिला होता. पुढील अभ्यासानंतर आता तो ‘पॅकिप्टेरस’ या वंशात ठेवला जातो. वंश बदलला, पण ‘खवलचोर’ हे जातिनाम कायम राहिले.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर व वाई येथील माशांच्या नोंदी डॉ. ई. जी. सायलस यांनी १९५३ साली प्रसिद्ध केल्या. अशा जुन्या याद्यांशी आजची मासळी ताडून पाहिल्यावरच काय उरले व काय गेले हे कळते. ज्या जातीची नोंदच झाली नाही, ती नाहीशी झाली तरी कोणास कळणार नाही. म्हणून ग्राम कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. जाळ्यात अनोळखी लहान मासा आढळल्यास तो ओला असतानाच, शेजारी मोजपट्टी ठेवून, एका बाजूने त्याचे छायाचित्र घ्यावे. मेल्यावर रंग लवकर उतरतात.

२. नदी वा ओढा, गाव, तारीख, पाण्याचा तळ दगडी की गाळाचा, आणि भोई लोकांत प्रचलित असलेले नाव लिहून ठेवावे. ठिकाण नसलेला नमुना फारसा उपयोगी पडत नाही.

३. मेलेला मासा बर्फात ठेवून जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागास किंवा भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील केंद्रास कळवावे. फॉर्मॅलिन विषारी असल्याने ते जाणकारांनीच वापरावे. अभयारण्यात परवानगीवाचून मासे पकडू नयेत.

४. तळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी ते तपासावे. तिलापी किंवा थाई मागूर ओढ्यात जाऊ देऊ नये. थाई मागूरच्या संवर्धनास २००० सालापासून देशात बंदी आहे.

५. विष वा सुरुंग वापरून मासे मारू नयेत. १८९७ च्या कायद्यानेच ते निषिद्ध ठरविले असून, अशा मासेमारीत मोठ्या मासळीबरोबर पिले व लहान जातीही नष्ट होतात.

जाळे झाडताना बाजूस पडणाऱ्या मासळीकडे क्षणभर पाहावे, एवढेच हे काम आहे. त्यास खर्च नाही. कृष्णाकाठच्या भोई बांधवांची नजर यासाठी पुरेशी तयार आहे. तिला लेखी नोंदीची जोड मात्र हवी.