छोटा तानपुरा घेताय? आधी खर्ज ऐका

अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात एका मुलीने विचारलं, "काका, एसटीतून नेता येईल असा छोटा तानपुरा घेऊ का?"

जरूर घे. पण आधी तुझी पट्टी बघ.

तार आखूड झाली की त्याच सुरासाठी ती ढिली ठेवावी लागते. ढिल्या तारेवर जव्हारी खुलत नाही, नुसती खरखर येते. काळी चार-पाचला गाणाऱ्या बाईंना छोटं वाद्य छान जमतं. काळी एकच्या पुरुषाला सहसा मोठंच लागतं. बास गिटारचंही तसंच. ३४ इंचांऐवजी ३० इंची घेतली तर बोटांना सोपी, पण खालचे सूर सैल पडतात.

दुकानात तानपुरा स्वतःच्या पट्टीत लावून घ्या. मग फक्त पितळी खर्ज छेडा आणि थांबा. सूर विरत जाताना त्यातून गंधार वर यायला हवा. घोडीवरचं सूत केसभर मागे-पुढे सरकवा. एका जागी आवाज एकदम फुलतो. कुठेच फुलला नाही, तर कारागिराकडून जव्हारी काढून घ्यावी लागेल. तेवढ्यासाठी वाद्य नाकारू नका, भाव मात्र कमी करून मागा.

दांडी वाकलेली, तबली घोडीखाली दबलेली किंवा भोपळ्याला चीर असेल, तर सोडून द्या.

बिनभोपळ्याचा चपटा तानपुरा प्रवासाला उत्तम, पण घुमारा कमी. रोजच्या रियाजाला मी मिरजेचा भोपळ्याचाच घेईन. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

जुना तानपुरा बघितला असेल तर घोडीचा जवळून काढलेला फोटो आणि तुमची पट्टी कळवा. जमेल तेवढं सांगतो.