हरणाऱ्या संघाचा लाडका एर्नी

मुलांनो, तुमचा आवडता संघ वर्षानुवर्षं हरत राहिला तर? दुसरा संघ धराल? अमेरिकेतल्या शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या चाहत्यांनी तसं केलं नाही. १९०८ साली अजिंक्यपद मिळालं, त्यानंतर थेट २०१६ मध्ये. तब्बल १०८ वर्षांनी!

त्यांचा लाडका खेळाडू एर्नी बँक्स. १९५३ ते १९७१ तो याच संघाकडून खेळला. २,५२८ सामने, ५१२ होमरन. (होमरन म्हणजे आपल्या षटकाराचा भाऊच म्हणा ना!) १९५८ आणि १९५९, लागोपाठ दोन वर्षं तो आपल्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण अजिंक्यपदाची अंतिम मालिका त्याच्या नशिबी एकदाही आली नाही. तरी स्वारी सदा हसतमुख! एका सामन्यावर कसं भागेल, आज दोन खेळूया, असं म्हणायचा.

जानेवारी २०१५ मध्ये एर्नी गेला. आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, संघ जिंकला. त्या दिवसांत चाहते खडू घेऊन रिग्ली फील्ड मैदानाबाहेर जमले. हा विजय बघायला जे उरले नव्हते, त्या आपल्या आजी-आजोबांची, आई-बाबांची नावं त्यांनी विटांच्या भिंतीवर लिहिली. एरवी वर्गात कुणी भिंतीवर खडू चालवला की मी रागावते. तिथे असते, तर मीच खडूची पेटी पुढे केली असती.