मधुमेहींचा गुडघा आणि सोनोग्राफी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘सोनोग्राफी पोटाची असते, गुडघ्यात सगळे हाडच, तिथे ती काय दाखवणार?’ हा प्रश्न मधुमेही रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक इतक्या ठामपणे विचारतात, की त्यात शंका कमी आणि निकालच अधिक असतो. गर्भलिंगनिदान केले जात नसल्याची पाटी प्रत्येक केंद्राच्या दारावर दिसत असल्याने सोनोग्राफीचे नाते गर्भाशी आणि पोटाशी जोडले गेले, हे समजण्यासारखे आहे. परंतु याच समजुतीला ‘वय झाले, शुगर आहे, म्हणजे गुडघ्याची झीजच’ हे गृहीतक चिकटते, तेव्हा ती निरुपद्रवी राहत नाही.

ध्वनिलहरी हाडाच्या पृष्ठभागावरून परत फिरतात आणि हाडाच्या आतले काही दाखवत नाहीत, एवढा भाग खरा आहे. मात्र गुडघा म्हणजे नुसते हाड नव्हे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा, सांध्याचे आतले अस्तर आणि त्यात साचणारे पाणी या साऱ्या मऊ रचना त्वचेखाली फार खोल नसतात आणि मधुमेहाचा परिणाम त्यांच्यावरही होतो. दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडते, त्यामुळे कंडरा जाड आणि ताठर होऊ शकतात. एक्स-रेमध्ये हाड आणि दोन हाडांमधील अंतर कळते. कंडरेची अंतर्गत वीण कळत नाही.

तपासणी साधी असते. गुडघ्याखाली गुंडाळी ठेवून तो सुमारे ३० अंशांत वाकवला जातो आणि वाटीच्या वरच्या बाजूस जेल लावून प्रोब उभा धरला जातो. कंडरा आणि मांडीचे हाड यांच्यामध्ये काळा पट्टा दिसला, की तो बहुधा साचलेल्या पाण्याचा असतो. प्रोबने हलके दाबल्यावर पाणी सरकते, सुजून जाड झालेले अस्तर मात्र जागचे हलत नाही. मधुमेहींमध्ये वारंवार आढळणाऱ्या गाउटमध्ये कूर्चेच्या, म्हणजे हाडाच्या टोकावरील गुळगुळीत आवरणाच्या, पृष्ठभागावर युरिक आम्लाच्या स्फटिकांची जास्तीची रेषा उमटते. ही दुहेरी रेषा अमेरिकी आणि युरोपीय संधिवात संघटनांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या गाउटच्या निकषांत समाविष्ट आहे. तेव्हा ‘काही दिसत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ एक्स-रे बाद झाला, असा नाही. झिजेच्या संधिवातात प्रतिमा लागलीच तर आधी एक्स-रे काढावा आणि मऊ ऊतींसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय वापरावा, अशी युरोपीय संघटनेची २०१७ ची शिफारस आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात निघतात. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो. फिजिओथेरपीतील ‘अल्ट्रासाउंड’ हा उपचार असतो, त्यातून निदान होत नाही. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे गुडघा निर्दोष ठरत नाही, कारण सांध्याच्या मध्यभागातील अस्थिबंध आणि गादीचा खोलवरचा भाग तीत नीट दिसत नाही. पोटरी अचानक सुजली तर ती गुडघ्यामागची फुटलेली गाठ आहे की शिरेतील रक्ताची गुठळी, हे अंदाजाने ठरवायचे नसते. तिथे सोनोग्राफीच उपयोगी पडते. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून ती मोजत राहावी लागते.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा अशी, की साचलेले पाणी सोनोग्राफी दाखवते, पण ते साधे आहे की पू, याचा निर्वाळा देत नाही. मधुमेहात सांध्याच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो आणि ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असे मानता येत नाही. गुडघा अचानक लाल, गरम आणि हलवता न येण्याइतका दुखरा झाला, तर ‘झीज’ म्हणून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सांध्यातले पाणी सुईने काढून तपासून घ्यावे.