वेबसाइटला किती लागतात? तीन वर्षांचा हिशेब

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी स्वरूपात. बोलताना जे आकडे भरभर सांगितले, ते इथे नीट मांडलेत.

विषय आहे छोट्या धंद्याची पहिली वेबसाइट आणि तिचं बजेट. उल्हासनगर, अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर या आपल्या पट्ट्यात हा प्रश्न घरातल्या तरुण मंडळींकडेच येतो. "तू कॉम्प्युटरचं शिकलायस ना, बघ जरा वेबसाइटला किती लागतात." मग आपण मोबाइलवर शोधतो, 'महिना फक्त ७९ रुपये' अशी जाहिरात दिसते आणि घरात सांगून टाकतो, "हजारभरात होईल." खरी गडबड इथून सुरू होते.

आधी ठरवा, साइट कशासाठी

उल्हासनगरात जीन्सचा होलसेल व्यापार करणाऱ्याला एक-एक पँट ऑनलाइन विकायची नसते. त्याला फोटोंसकट कॅटलॉग हवा आणि व्यापाऱ्याला थेट बोलता येईल असं व्हॉट्सअॅपचं बटण हवं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपला चार-पाच पानं पुरतात: मशीन कोणती, काय काम होतं, किती क्षमता, पत्ता आणि जीएसटी नंबर. या दोघांनाही 'कार्ट' आणि ऑनलाइन पेमेंट लागत नाही. तिथेच खर्च बराच खाली येतो.

तिसरं उदाहरण बदलापूरचं. इथल्या जांभळाला जीआय मानांकन मिळालंय. समजा, घरच्या घरी जांभळाचं सरबत करणाऱ्या एका ताईंना साइट हवी आहे. ताजं जांभूळ महिनाभराचं पीक, आणि दोन दिवसांत नरम पडतं. ते कुरिअरने लांब पाठवता येत नाही. पण सरबताची बाटली टिकते, पाठवता येते. म्हणजे विकायची बाटली. आता हिशेब करू.

पहिलं वर्ष स्वस्त, पुढची महाग

खालचे आकडे समजुतीसाठी धरलेत, कर धरून. तुम्ही स्वतःची कोटेशन्स मागवून ते बदला, पद्धत तीच ठेवा.

पहिलं वर्ष: डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ऑफरमध्ये २०० रुपये. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, १,८००. साइट बनवून देणाऱ्याचे १५,००० आणि बाटल्यांच्या चांगल्या फोटोंचे ३,०००. एकूण २०,०००.

दुसरं वर्ष: ऑफर संपली. डोमेन ९००, होस्टिंग ४,८००. शिवाय अपडेट, बॅकअप, किंमत बदलणं यासाठी महिना ५०० प्रमाणे ६,०००. एकूण ११,७००. तिसरं वर्षही तेवढंच.

तीन वर्षांचे झाले ४३,४००, म्हणजे महिन्याला साधारण १,२००. होस्टिंग कंपनीच्या पानावर सर्वांत मोठ्या अक्षरात पहिल्या वर्षाचा दर असतो. 'रिन्यूअल' हा शब्द शोधा, खरा भाव तिथे असतो. आणि तो 'महिना ७९' वाला दर अनेकदा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, वर १८ टक्के जीएसटी वेगळा.

रुपये सोडा, बाटल्या मोजा

बाटली २५० रुपयांची, त्यात ताईंना ६० रुपये सुटतात असं धरू. १,२०० भागिले ६०, म्हणजे महिन्याला २० बाटल्या. पण ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवेही स्वतःचा वाटा कापतो. तो २ टक्के धरला तर ५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९० पैसे. दर बाटलीमागे ५ रुपये ९० पैसे गेले. उरले ५४ रुपये १० पैसे. आता २० ऐवजी महिन्याला २३ बाटल्या विकाव्या लागतील.

नीट लक्षात घ्या, या २३ बाटल्या जास्तीच्या हव्यात. जी मावशी तशीही फोन करून घेणार होती, तिनेच आता साइटवरून घेतली तर धंदा वाढलेला नाही, फक्त खर्च वाढलाय. घरच्यांना "४३ हजार लागतील" सांगण्यापेक्षा "महिन्याला २३ बाटल्या जास्त विकता येतील का?" असं विचारा. याचं उत्तर कॉम्प्युटरवाल्यापेक्षा धंदा करणाऱ्यालाच चांगलं ठाऊक असतं.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

एसएसएल प्रमाणपत्र. यासाठी दरवर्षी दोन-तीन हजार मागितले तर कारण विचारा. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था हे प्रमाणपत्र फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगमध्ये ते आधीच मिळतं. वर्डप्रेस आणि त्यावरचं दुकान चालवणारं वूकॉमर्स हेही मुळात फुकट आहेत. पैसे मेहनतीचे आणि जास्तीच्या प्लगइनचे द्यायचे असतात.

कर. सरबतासारखा करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. म्हणजे सीएची फी बजेटमध्ये आली. सुरुवातीला फक्त महाराष्ट्रात पाठवायचं, असंही ठरवता येतं.

बॅकअप. तो फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली तेव्हा, उल्हास नदीचं पाणी कुठपर्यंत आलं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एक प्रत क्लाउडवर ठेवा.

किल्ल्या कोणाकडे?

बजेटमधली सगळ्यात महाग चूक फुकटात टाळता येते. साइट बनवणारा बहुतेकदा डोमेनही स्वतःच्याच खात्यातून, स्वतःच्या नावाने घेतो. सोय म्हणून करतो, वाईट हेतूने नाही. पण दोन वर्षांनी त्याने नंबर बदलला किंवा दुसऱ्या शहरात नोकरी धरली, तर रिन्यूअलचा ईमेल त्याला जातो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. डॉट कॉमची मुदत संपली आणि रजिस्ट्रारने डोमेन रद्द केलं, की ३० दिवस दंडासारखे जास्तीचे पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर काही दिवसांत ते कुणीही घेऊ शकतं. बिलबुकावर, पिशवीवर, बाटलीच्या लेबलवर छापलेला पत्ता मग दुसऱ्याचा.

म्हणून डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर घ्या. होस्टिंग आणि साइटचे पासवर्ड लिहून घरच्या वहीत ठेवा. शेवटचा हप्ता हे सगळं हातात आल्यावर द्या.

फुकटच्या जागेचंही तसंच. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी एक छोटी साइट फुकट बनायची. मार्च २०२४ मध्ये गूगलने त्या साइट्स बंद केल्या, आणि १० जून २०२४ नंतर त्या जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलवर जाणंही थांबलं. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं, त्यांना तोच पत्ता दुसऱ्या साइटवर वळवता आला.

मग सुरुवात किती रुपयांनी?

ताईंसाठी माझं उत्तर असं: पहिली सहा महिने साइट बनवू नका. स्वतःच्या नावाचं डोमेन घेऊन ठेवा. गूगल बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग, दोन्ही फुकट, नीट भरा. पैसे यूपीआयच्या क्यूआरवर थेट घ्या. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे, त्यामुळे गेटवेची ५ रुपये ९० पैशांची कात्री वाचते. खर्च फोटो आणि डोमेनचा, साडेतीन हजारांच्या आत.

वहीत दोन रकाने आखा: ओळखीचं गिऱ्हाईक आणि नवं गिऱ्हाईक. नव्या गिऱ्हाइकांच्या बाटल्या महिन्याला २३ च्या जवळ जाऊ लागल्या आणि फोनवर ऑर्डर घेता घेता ताईंची दमछाक होऊ लागली, की साइट बनवा. तेव्हा ते २०,००० कुठून येणार हे वहीतच दिसेल.

आज घरी एवढंच करा: तुमच्या धंद्यात एका वस्तूमागे किती सुटतात ते विचारा आणि भागाकार मांडा. भेटू पुढच्या भागात!